अठरा मुक्या चकत्या

आमच्या चाळीच्या पुनर्विकासाची सभा एका रविवारी सकाळी मधल्या अंगणात झाली. त्या सभेत माझ्याकडे दोन कामं होती. स्टँडवर लावलेल्या छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्यामागे उभं राहून चित्रीकरण करायचं आणि शेजारच्या स्टुलावर वही ठेवून इतिवृत्त लिहायचं. चाळीत त्याला सगळे मिनिट्सच म्हणतात. दोन्ही कामं माझ्याकडे येण्याचं कारण एकच होतं. मी एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर तीस वर्षं काढली होती आणि नुकताच निवृत्त झालो होतो. ज्याला लिहिता येतं त्याला बाकीचंही येत असणार, असा चाळीचा समज होता.

चाळ डिलाईल रोडच्या मागच्या गल्लीत आहे. तळमजला आणि वर तीन मजले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. जिन्याखाली तेव्हा लोखंडी टेकू लावलेले होते, आजही आहेत. चढताना डाव्या बाजूने चढायचं, उतरताना एका वेळी एकानेच उतरायचं, अशी पाटी सेक्रेटरीने रंगवून लावली होती. माझ्या बायकोचे गुडघे गेलेले. ती उतरताना कठडा धरून आडवी उतरायची. तीन मजले उतरायला तिला किती वेळ लागतो हे मला मिनिटांत सांगता येत असे, कारण मी तिच्या पुढे एक पायरी ठेवून उतरायचो. या माहितीचा पुढे संबंध येतो, म्हणून आधी सांगितली.

सभेचं चित्रीकरण करून त्याची प्रत सरकारी कार्यालयात द्यावी, असा नियम आहे. प्रत डीव्हीडीवर द्यायची. पेन ड्राइव्ह चालत नाही, कारण तो फाईलला टाचता येत नाही आणि त्यावरचं नंतर बदलता येतं, असं कारकुनाने सांगितलं. सभासदांतही बहुतेक वयस्क होते. त्यांच्याकडे टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर होते आणि सभेची एकेक प्रत आपल्याला हवी असं त्यांनी हात वर करून सांगितलं. मी अठरा प्रती करायच्या ठरवल्या. दोन कार्यालयाला, एक बिल्डरला, पंधरा मागणाऱ्यांना.

घरी डीव्हीडीच्या चकत्या बनवणाऱ्याला चित्राचं भान असतं, आवाजाचं नसतं. मलाही नव्हतं. पहिली चकती केली तेव्हा आवाज जसा कॅमेऱ्यातून आला तसा कच्चाच ठेवला. डेस्कवरची सवय. मूळ प्रतीला हात लावायचा नाही. पण तीन तासांच्या सभेचा कच्चा आवाज चकतीची जवळपास निम्मी जागा खातो. उरलेल्या जागेत चित्र कोंबलं की माणसांचे चेहरे चौकोनाचौकोनांचे होतात. खजिनदार कोण आणि बिल्डरचा माणूस कोण, हे शर्टाच्या रंगावरून ओळखायची वेळ आली. मग मी आवाज दाबायचं ठरवलं.

आवाज दाबण्याच्या रीती अनेक आहेत. मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा लहान आवाज माणसाच्या कानाला तसाही ऐकू येत नाही, असं गृहीत धरून तो काढून टाकायचा, ही सगळ्यांची मूळ कल्पना. जागा सात-आठ पटींनी वाचते. माझ्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामने आपणहून एमपी-टू नावाची रीत निवडली होती. मी ती तशीच राहू दिली. चकती माझ्या प्लेअरवर लावली. चित्र आलं, आवाज आला. पहिली पाच मिनिटं बघितली, अध्यक्षांचं स्वागत ऐकलं आणि उरलेल्या सतरा चकत्या एका दमात काढल्या. प्रत्येकीवर काळ्या पेनने सभेची तारीख लिहिली आणि वाटल्या.

प्रूफ एकाच माणसाने एकाच डोळ्याने वाचायचं नसतं, हे मी डेस्कवर नव्या मुलांना सांगत आलो होतो.

चौथ्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. काकू चाळीतल्या सगळ्यांच्याच काकू. वय अडुसष्ट. यजमान गिरणी बंद पडल्यानंतर वारले, मूल नाही. गॅलरीत शिलाई मशीन टाकून त्या साड्यांना फॉल-बिडिंग करून देतात. गिऱ्हाईक वर येत नाही. खालून रस्त्यावरून हाक मारतं, "काकू, पिशवी सोडा!" काकू दोरीला बांधलेली कापडी पिशवी खाली सोडतात, गिऱ्हाईक साडी टाकतं, पिशवी वर जाते. दोन दिवसांनी तीच पिशवी तयार साडी घेऊन खाली येते. मी नोकरीला लागलो तेव्हापासून हे बघतोय.

"काय रे बाबा," काकू म्हणाल्या, "तुझ्या त्या चकतीत आम्ही सगळे मुके."

"आवाज वाढवून बघा, काकू."

"वाढवला रे. टीव्ही फुटायचा बाकी राहिला. तोंडं हलतात, आवाज नाही. जुन्या मूकपटासारखी पेटीवाला आणून बसवू काय मध्ये?"

मी त्यांच्याकडे जाऊन बघितलं. त्यांचा प्लेअर भाचीने परदेशातून येताना आणलेला, जुना, रिमोट हरवलेला. चित्र स्वच्छ होतं. आवाज शून्य. मी सेक्रेटरीकडे गेलो. त्याच्याकडेही तेच. त्या संध्याकाळी मी सात घरांत सात प्लेअर तपासले. माझ्याकडची चकती हातात घेऊन मजल्यामजल्याने गेलो, सात वेळा चपला काढल्या, चार ठिकाणी चहा घेतला. तीन ठिकाणी आवाज आला, चार ठिकाणी आला नाही. कारण तंत्राचं होतं. एमपी-टू काही प्लेअर घेतात, काही घेत नाहीत. जे घेत नाहीत ते तक्रार करत नाहीत. चित्र दाखवतात आणि गप्प राहतात. घरगुती चकती सगळीकडे चालवायची असेल तर आवाज एसी-थ्री या रीतीने दाबावा लागतो. ती बहुतेक सगळे प्लेअर घेतात. हे मी त्या रात्री वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

तोवर विषय चकतीपुरता राहिला नव्हता.

इतिवृत्ताच्या प्रती त्याच आठवड्यात वाटल्या गेल्या होत्या. काकूंनी ते शेजारणीकडून वाचून घेतलं आणि त्यांच्या लक्षात आलं की त्यांना दिलेला शब्द त्यात नाही. त्यांचं म्हणणं असं, की सभेत बिल्डरच्या माणसाने त्यांना नव्या इमारतीत पहिला मजला कबूल केला होता. तिसऱ्या मजल्यापर्यंत पिशवी कशीबशी सोडता येते. त्याच्या वर साडी वाऱ्याने लोंबकळत दुसऱ्याच्या खिडकीत जाते. टॉवरला खाली गेट असतं, गेटवर वॉचमन असतो, गिऱ्हाईक वही भरून लिफ्टने वर येत नाही. सगळ्यात खालचा मजला मिळाला नाही तर काकूंचं काम बंद पडणार होतं. काम बंद झालं तर त्या कशावर जगणार, हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी कार्यालयात हरकतीचा अर्ज दिला. पुरावा म्हणून एकच ओळ: सभेची डीव्हीडी बघावी.

कार्यालयाने डीव्हीडी बघितली. सोसायटीला पत्र आलं. 'सादर केलेल्या चकतीस ध्वनी नाही. आठ दिवसांत ध्वनीसह प्रत सादर करावी. तोपर्यंत प्रस्तावावर पुढील कार्यवाही होणार नाही.'

पत्र घेऊन सेक्रेटरी माझ्याकडे आला. आम्ही एका वर्गातले. तो बँकेतून निवृत्त झालेला, तिसऱ्या मजल्यावर येताना धापा टाकायचा. त्याने दार लावून घेतलं आणि तो खुर्चीत बसला.

"मेल्या, आवाज नाही ते बरंच झालं रे."

"कसं काय?"

"कसं काय म्हणजे? लिहू, तांत्रिक कारणामुळे ध्वनी उपलब्ध नाही. संपलं. म्हातारीला कुठलातरी खालचा मजला देईल तो बिल्डर. आणि नाही दिला तर एकीसाठी छत्तीस घरं टेकूवर उभी ठेवायची?"

"माझ्याकडे मूळ आहे. आवाजासकट."

"ते तुझ्याकडे आहे. कार्यालयाकडे नाही." त्याने माझ्या बायकोकडे बघितलं. ती पलंगावर पाय लांब करून तेल लावत होती. "वहिनी, तुम्हीच सांगा याला. लिफ्ट हवी की नको?"

बायको म्हणाली, "मला विचारू नका. मी सांगितलं की हे माझ्या नावावर लिहून ठेवतील."

तो गेल्यावर तिने तेलाची वाटी खाली ठेवली. "मागच्या वेळी मी खाली गेले ती कधी गेले, आठवतं तुम्हाला?" मला आठवत होतं. एकवीस दिवस झाले होते. मी आकडा सांगितला नाही.

त्या दुपारी मी हेडफोन लावून मूळ चित्रीकरण पहिल्यापासून ऐकलं. तोवर ते मी एकदाही पूर्ण ऐकलं नव्हतं. पहिल्या तासात क्षेत्रफळ, दुसऱ्यात भाडं. दुसऱ्या तासाच्या शेवटी तो भाग आला.

बिल्डरचा माणूस बोलत होता. तेवढ्यात रस्त्यावरून बाईचा आवाज आला, "काकू, पिशवी सोडा!" गिऱ्हाइकाला सभेचं माहीत नव्हतं, ती रिकाम्या गॅलरीकडे बघून हाक मारत होती. अंगणात पहिल्या रांगेत बसलेल्या काकू ओरडल्या, "अगो, मी खालीच आहे! थांब!" सगळी सभा हसली. बिल्डरचा माणूसही हसला. मग म्हणाला, "काकू, घाबरू नका. तुम्हाला पहिलाच मजला देतो. दोरी आहे तेवढीच ठेवा." पुन्हा हशा. काकूंचा आवाज, हसण्याच्या वर: "हसण्यावारी नको. नक्की ना?" तो म्हणाला, "नक्की. सगळ्यांसमोर बोलतोय." आणि त्यानंतर एक पुरुषी आवाज, जवळून, कोरडा, बाकी सगळ्यांपेक्षा स्वच्छ: "हे मिनिट्समध्ये नको. विषयपत्रिकेत नाही. पुढचा मुद्दा घ्या."

तो आवाज माझा होता.

मी ते वाक्य मागे नेऊन तीनदा ऐकलं. बोललेलं मला आठवत नव्हतं. पण ते मीच बोलणार, हे ऐकताक्षणी पटलं. डेस्कवर वार्ताहराची प्रत हातात आली की मी पहिल्यांदा हशा कापायचो. सभागृहात हशा पिकला, अमक्याने कोपरखळी मारली, खिडकीतून कावळा आत आला. हे सगळं लाल पेनने आडवं करायचं आणि खाली ठराव काय झाला तो ठेवायचा. तीस वर्षांत या सवयीबद्दल माझं कौतुकच झालं होतं. त्या रविवारी मी गिऱ्हाइकाची हाक, काकूंचं ओरडणं आणि बिल्डरच्या माणसाची कोपरखळी एका फटक्यात आडवी केली. त्याखाली शब्द गेला.

आवाज दाबताना लहान आवाज काढून टाकले जातात, ही माहिती माझ्याकडे ताजी होती. मी आशेने दाबण्याचं प्रमाण वाढवून बघितलं. आणखी वाढवलं. काकूंचा आवाज डब्यातून आल्यासारखा झाला, हशा पत्र्यावर पडणाऱ्या वाळूसारखा झाला. माझं वाक्य जसंच्या तसं राहिलं. माईक कॅमेऱ्यावर होता आणि कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ मी होतो. घरगुती चित्रीकरणात कॅमेऱ्यामागचा माणूस दिसत नाही, पण सगळ्यात मोठ्याने ऐकू येतो तोच.

आता माझ्यासमोर जे होतं ते थोडक्यात असं. आवाज दिला नाही तर काकूंची गॅलरी गेली. आवाज दिला तर प्रस्ताव लांबणार, चाळ टेकूवर राहणार, बायको तिसऱ्या मजल्यावर राहणार, आणि शब्द दडवणारा माणूस म्हणून कार्यालयाच्या फाईलमध्ये माझी नोंद होणार. चाळ सोडून जायला दुसरी जागा नव्हती. संमतीपत्रावर सही होऊन गेली होती. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. समोरच्या गॅलरीतून तीन माणसं माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे मूळ प्रत आहे हे तोवर सगळ्यांना कळलेलं होतं.

मी तिसरा मार्ग काढला. डेस्कवर तोच काढत आलो होतो. सबंध सभेऐवजी फक्त त्या जागेचा उतारा द्यायचा. 'तुम्हाला पहिलाच मजला देतो', मग काकूंचं 'नक्की ना?' आणि त्याचं 'नक्की. सगळ्यांसमोर बोलतोय.' हाक नको, हशा नको, दोरी नको, शेवटचं वाक्य नको. शब्द राहतो, गोंधळ जातो. दुसऱ्या दिवशी सकाळभर बसून मी तो तुकडा जोडला, आवाज एसी-थ्रीमध्ये दाबला आणि चकती काढली. तिच्यावर तारीख लिहिली. चकती चालते की नाही हे बघायला चाळीतला सगळ्यात हट्टी प्लेअर काकूंचा होता. तिथे आवाज आला तर कार्यालयातही येणार.

काकू मशीनवर बसल्या होत्या. मोरपंखी साडीला फॉल लावणं चालू होतं. मी चकती आत सरकवली. आवाज आला. पहिल्याच सेकंदाला, स्वच्छ.

"तुम्हाला पहिलाच मजला देतो," बिल्डरचा माणूस म्हणाला.

काकूंनी पाय थांबवला. तुकडा संपला. बारा सेकंद.

"परत लाव."

मी परत लावला.

"आणि माझी पिशवीची हाक कुठे गेली?"

"ती लागत नाही काकू. मुद्दा आलाय ना."

"अरे, त्या हाकेशिवाय तो बोललाच नसता. मध्येच उठून कोण सांगतं, काकू, घ्या पहिला मजला? असं वाटतंय जसं मी त्याच्या तोंडात घातलंय." त्यांनी दातांनी दोरा तोडला. "आणि दोरीचं म्हणाला तो. सगळे हसले. ते कुठाय?"

"तो विनोद होता."

"विनोद होता तर माझाच होता ना? ठेव की मग. तुझं काय जातंय?"

मी त्यांना माझं काय जातंय ते सांगितलं नाही. चकती काढून घेतली. काकू म्हणाल्या, "अख्खं आण. बारीक-सारीक सगळं. मला तुझी कातरलेली साडी नको."

अख्खी सभा एका चकतीवर, एसी-थ्री आवाजासकट, संध्याकाळपर्यंत तयार झाली. काकूंच्या प्लेअरवर मी ती पहिली दोन मिनिटंच चालवून बघितली आणि आवाज येतोय म्हणून बंद केली. त्यांनी पुढे लावायला सांगितलं नाही.

सुनावणीच्या दिवशी मी पिशवीत दोन्ही चकत्या घेतल्या. कातरलेली आणि अख्खी. काकू आणि मी बसने गेलो. सेक्रेटरी आधीच तिथे होता. त्याने मला ओळख दाखवली नाही. बिल्डरचा माणूस दाराशी उभा होता. त्याने काकूंना वाकून नमस्कार केला आणि खुर्ची पुढे केली. टेबलामागे अधिकारी बाई होत्या. भिंतीवर टीव्ही, खाली लाकडी फळीवर धूळ बसलेला प्लेअर.

"ध्वनी आणलात?" बाईंनी विचारलं.

मी पिशवीत हात घातला. दोन्ही चकत्या सारख्याच पाकिटात होत्या, दोन्हींवर एकच तारीख. फक्त कातरलेलीच्या पाकिटाचा कोपरा मी दुमडून ठेवला होता. काकू शेजारी बसून माझ्या हाताकडे बघत होत्या. बोटांना दुमडलेला कोपरा लागला. मी दुसरी काढली. यात काही ठरवून केलेलं धैर्य होतं असं मला म्हणता येणार नाही. काकूंनी हाक आहे का म्हणून विचारलं असतं, एवढंच मला माहीत होतं.

चित्र आलं. आवाज आला. शिपाई म्हणाला, "आला, आला," जणू नळाला पाणी आलं. मी वेळ सांगितली, बाईंनी तिथपर्यंत पुढे नेलं.

हाक आली. काकूंचं ओरडणं आलं. खोलीत शिपाई हसला. मग बिल्डरच्या माणसाचं वाक्य आलं आणि तो स्वतः खुर्चीतून पुढे झुकला.

"मॅडम, हे मी नाकारतच नाही," तो म्हणाला. "पहिला मजला म्हणजे राहण्याचा पहिला मजला. खाली सहा मजले पार्किंग आहे. म्हणजे सातवा. काकूंना सातवा देतोय. नकाशात आहे."

सेक्रेटरीने मान डोलावली. मला वाटलं, संपलं. कातरलेली चकती दिली असती तर इथेच संपलं असतं. शब्द होता आणि त्याला जागेवर अर्थ लावून झाला होता.

बाईंनी चकती थोडी मागे नेली. पुन्हा लावली. "तुम्हाला पहिलाच मजला देतो. दोरी आहे तेवढीच ठेवा." त्यांनी थांबवलं.

"दोरी केवढी आहे?" त्यांनी काकूंना विचारलं.

"खाली रस्त्यापर्यंत पोचेल एवढी."

"सातव्यावरून पोचेल?"

"मॅडम, ते आपलं गमतीत..." बिल्डरचा माणूस म्हणाला.

"गमतीत असेल. पण कुठला मजला ते दोरीनेच कळतंय." बाईंनी पुन्हा बटण दाबलं. काकूंचं 'नक्की ना?', त्याचं 'नक्की', आणि मग ते वाक्य. टीव्हीचा आवाज वाढवलेला होता. माझं वाक्य त्या खोलीत सभेपेक्षा मोठ्याने ऐकू आलं. शिपाई दचकला.

"हे कोण बोललं?"

"मी," मी म्हणालो.

"तुम्हीच इतिवृत्त लिहिलंत?"

"हो."

"आणि चित्रीकरण?"

"तेही."

त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं आणि लिहून घेतलं. मग माझं वाक्य मला पुन्हा बोलायला सांगितलं, म्हणजे शब्दाला शब्द लिहिता येईल. मी बोललो. हे मिनिट्समध्ये नको. विषयपत्रिकेत नाही. पुढचा मुद्दा घ्या. त्यांनी ते अवतरणचिन्हांत घातलं. तीस वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं अवतरणचिन्हांत घातली होती. आपलं घालून घ्यायची वेळ पहिल्यांदाच आली.

आदेश तिथेच तोंडी सांगितला गेला, नंतर लेखी आला. इतिवृत्त अपूर्ण आहे. सोसायटीने पुन्हा सभा घेऊन ते दुरुस्त करावं. बिल्डरने अर्जदाराला नेमकी कुठली जागा देणार ते लेखी कळवावं. तोवर घरं रिकामी करण्याची कार्यवाही थांबवावी. बाहेर पडताना सेक्रेटरी माझ्या अगदी जवळून गेला. "आता तुझ्या बायकोला तूच उचलून खाली आण," तो म्हणाला. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

बसस्टॉपवर काकू आणि मी उभे होतो. बराच वेळ बस नव्हती.

"काकू," मी म्हणालो, "ते शेवटचं वाक्य तुम्हाला माहीत नव्हतं. आधी सांगायला हवं होतं मी."

"माहीत नव्हतं कसं? मी पहिल्या रांगेत बसलेले रे. कान आहेत मला."

"मग बोलला नाहीत?"

"बोलले असते तर तू चकती केली असतीस?"

मी विचार केला. "माहीत नाही," म्हणालो.

"मग?" काकू म्हणाल्या आणि बसचा नंबर बघायला पुढे झाल्या.

त्याला आता आठ महिने होत आले. सभा अजून झालेली नाही. दोनदा बोलावली, दोनदा गणसंख्या भरली नाही. जे आले नाहीत ते रागाने आले नाहीत. बिल्डरने पार्किंगच्या एका कोपऱ्यात, रस्त्याच्या बाजूला, पहिल्या पातळीवर एक खोली दाखवणारा सुधारित नकाशा पाठवला आहे. त्यावर सही व्हायला सभा लागते. जिन्याखाली आणखी दोन टेकू आले. बायको या काळात चार वेळा खाली गेली. चारही वेळा दवाखान्यात.

अठरा चकत्यांपैकी पंधरा चाळीतच राहिल्या. त्या आता कोणाच्या कामाच्या नव्हत्या. पहिली चकती दुसऱ्या मजल्यावरच्या एका घराने कबुतरं येऊ नयेत म्हणून गॅलरीत दोऱ्याला बांधून टांगली. कबुतरं खरंच कमी झाली. मग बाकीच्यांनीही टांगल्या. आता आमच्या अंगणाच्या चारही बाजूंनी त्या लटकतात, वारा आला की फिरतात, दुपारच्या उन्हात भिंतीवर कवडसे पाडतात. प्रत्येकीवर माझ्या अक्षरात त्या रविवारची तारीख आहे. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहिलं की मला त्या सगळ्या वाचता येतात.

तिसऱ्यांदा सभा बोलावल्याची नोटीस काल लागली. नोटीस लावून झाल्यावर काकूंनी पहिल्या मजल्यावरून मला हाक मारली. मी वाकून बघितलं.

"इतिवृत्त कोण लिहिणार म्हणून विचारत होता तो सेक्रेटरी," त्या वर बघून म्हणाल्या. "मी तुझं नाव सांगितलंय."

"मला नको, काकू. दुसऱ्या कोणालातरी सांगा."

"दुसरा कोणी कुठलं गाळेल ते मला कसं कळणार? तुझं कळलंय आता मला."

रस्त्यावरून कोणीतरी पिशवी मागितली. काकू रस्त्याकडच्या गॅलरीकडे दोरी सोडायला वळल्या. मी घरात आलो. बायकोने विचारलं, सभा कधी आहे. मी म्हणालो, रविवारी. मग कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावली.